टोक दाबून पाहा

आमच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या छोट्या लोडरला दुसरी बकेट जोडली, ती पकडणारे दोन्ही खटके खाली पाडले आणि केबिनमधून मी ऐटीत ओरडलो, "झालं! विलास, खणायच्या खुणेपाशी उभा राहा."

माझा भागीदार जागचा हलला नाही. "आधी बकेटचं टोक जमिनीला टेकवून दाब की, महाराज."

"खटके खाली दिसतायत ना?"

"दिसण्यावरच जातोस. लग्नातही तसाच गेलास."

त्याचं तोंड बंद करायला म्हणून मी टोक जमिनीवर दाबलं. बकेट एका बाजूनं निसटून कलंडली, नेमकी खुणेवर. उतरून पाहिलं, तर बकेटच्या भोकात मुरूम ठासून बसलेला आणि खटक्यानं आत जायची पिन बाहेरच अडकलेली.

कुलूप लावल्यावर आपण ते ओढून पाहतोच. त्यात कुलपाचा अपमान नसतो. माणसाशेजारी झुलणारं लोखंड ओढून पाहताना मात्र माझाच अपमान होतो, असा माझा थाट!

भोक खरवडलं, पिन आरपार गेलेली वाकून पाहिली, पुन्हा दाबलं. लोडरचं नाक उचललं गेलं, बकेट हलली नाही. विलास खुणेकडे निघाला.

"थांब रे," मीच ओरडलो, "अजून एकदा दाबतो."