हीट पंप, बंब आणि मामांची बाज

गेल्या पौषात झरी गावच्या घरी आम्ही गच्चीवर हीट पंप बसवला. हवेतली ऊब ओढून न्हाणीचं पाणी तापवणारं हे यंत्र. आधी मी रीतसर यादी केली होती: टाकीची जागा, वायरिंग, पाइप, आंघोळीचा क्रम. शेवटची ओळ होती, ‘बंब मोडीत’.

तांब्याचा बंब म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, मामांचं राज्य. कापसाच्या पऱ्हाट्या मोडून रोज तेच पेटवणार. दुसऱ्या कुणी हात लावलेला खपायचा नाही.

“मामा, आठ दिवस बघू,” मी म्हटलं. “सगळ्यांना गरम पाणी मिळालं, तर बंब मोडीत.”

“आन् न्हाई मिळालं तर?”

“तर राहील.”

“लिही मग तसं.”

लिहिलं.

पहिले दोन दिवस आभाळ होतं. पाणी कडकडीत. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि पाणी कोमट. चौथ्या दिवशी नवरा न्हाणीतून बोंबलतच बाहेर आला. मामा बंबाची बादली घेऊन दारात हजर.

“घे. लय शिकलेल्या मशिनी थकत्यात लवकर.”

परभणीहून मिस्त्री आला. सगळं तपासून म्हणाला, “ताई, मशीन चांगली हाय. कुणीतरी बंद करायलंय.”

सहाव्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले. मामा कोवळ्या उन्हात बाजेवर, मफलर गुंडाळून. यंत्राचं बटण बंद.

“मामा! ही तर लबाडी झाली.”

“बस इथं जरा.”

मला बाजेवर बसवून त्यांनी बटण दाबलं. ऊब काढून घेतलेली गारढोण हवा थेट माझ्या पाठीवर. दोन मिनिटांत मी उठले.

“इतकी वर्षं हितंच बसायलोय मी. तुझ्या यादीत टाकी हाय, पाइप हाय. म्हातारा कुठं हाय?”

नव्हता. ‘बंब मोडीत’ ही ओळ मी तिथल्या तिथं खोडली आणि नवीन घातली: ‘सात ते नऊ मामा उन्हात. यंत्र बंद, आंघोळी बंबावर.’

वैशाखात मामांनी बाज आपण होऊन यंत्राच्या तोंडाशी सरकवली. पण टाकी तापली की यंत्र आपोआप थांबतं, आणि गार हवाही. मग भर दुपारी, अंगाची लाही होत असताना, गच्चीवरून हाक येते:

“सूनबाई, कुणाची आंघोळ राह्यली का? घ्या की जरा गरम पाणी!”