हिराची सातवी वही

हिराने अमृतला माफ करावं, असं डिंगोरे गावात पुष्कळांना वाटत होतं. दुसऱ्याचा अपमान पोटात घालायला लोक नेहमीच तयार असतात. हिराच्या पोटात मात्र तो मावला नाही.

नवसू मेंढक्याची ही धाकटी लेक. कॉलेजला ओतूरला जायची आणि परतीची एसटी येईपर्यंत सायबर कॅफेत बसायची. तिथे ‘वज्रखंड’ नावाचा ऑनलाइन गेम चालायचा. हजारो माणसं एकाच वेळी त्या मुलखात शिरायची, आपापला योद्धा वाढवायची, टोळ्या करून जनावरं आणि राक्षस मारायची. सुरुवातीला एक नगर आणि तीन जंगलं होती, मग दर दिवाळीला कंपनी नवा प्रदेश जोडत गेली. बाकीचे नुसती मारामारी करायचे. हिरा बघायची. कुठलं जनावर कुठून निघतं, मारल्यावर किती मिनिटांनी परत उगवतं, त्याच्याकडे काय सापडतं, सगळं वहीत उतरवून ठेवायची. दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखणाऱ्या घरातली ती, तिला यात अवघड काय? चार वर्षांत सात वह्या भरल्या. सातवीत शेवटचा प्रदेश होता, बर्फाची उत्तरखोरी. तो प्रदेश उघडून महिनाही झाला नसेल, तेवढ्यात २०११ साली कंपनीने गेमच बंद केला. हिराचं लग्न झालं, मोडलं, ती बापाच्या मेंढरांच्या वाड्यावर परत आली आणि उरलेली तीस मेंढरं राखू लागली.

दहा वर्षांनी पुण्याच्या समृद्धी नावाच्या इंजिनिअर मुलीने जुने खेळाडू गोळा केले आणि गेम पुन्हा उभा करायला घेतला. जुन्या सीडीतून चित्रं मिळाली. पण जनावरं कुठे, कधी, किती, हे कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये होतं आणि तिथेच पुसलं गेलं होतं. उत्तरखोऱ्यांची तर चित्रंसुद्धा सीडीत नव्हती. ज्याला जे आठवेल ते पाठवा, असं तिने ग्रुपवर कळवलं.

अमृत त्याच कॅफेत बसणारा, गावातला बागायतदार. तो वाड्यावर आला. "हिरे, तुझ्या वह्या दे. तुझं नाव घालून पुण्याला धाडतो." हाताशी होत्या तेवढ्या सहा वह्या हिराने दिल्या. अमृतने त्या टाईप केल्या, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि मूळ वह्या पावसात भिजल्या म्हणून सांगून मोकळा झाला.

हिराला हे कळलं तेव्हा ‘अमृतच्या वह्या’ ग्रुपभर गाजत होत्या. तिने लिहिलं, "या वह्या माझ्या हायेत." अमृतचं उत्तर लगेच आलं: "आमच्या गावात मेंढरं राखते ती. शेपट्या मोजणाऱ्या बाईला यातलं काय कळतंय?" खाली अडतीस जणांनी हसणारी तोंडं टाकली. हिराने ती एकेक करून मोजली.

सातवी वही तिला पेटीच्या तळाशी सापडली. एखाद्या सरळ बाईने ती तशीच समृद्धीला नेऊन दाखवली असती. हिराने दाखवली नाही. सरळ मार्गाने फार तर नाव परत मिळालं असतं, आणि तिला अमृतचं नाक कापायचं होतं, तेही चारचौघांत, तो अगदी फुगलेला असताना.

ती थांबली. उत्तरखोरी कुणालाच आठवेनात, तेव्हा अमृत पुन्हा वाड्यावर आला. आवाजात नुसता मध. "हिरे, सातवी वही असंल ना गं?"

"हाय. हुडकावी लागंल. आठ दिसांनी या."

त्या आठ दिवसांत तिने नवी सातवी वही लिहिली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खोटी. उत्तरखोऱ्यांत तिने पांढरे लांडगे सोडले. प्रत्येकाच्या उजव्या कानाला दोन चिरा, डाव्याच्या टोकाचा अर्धगोल तुकडा काढलेला. म्होरक्याच्या कपाळावर काळा ठिपका, आणि तो पुढच्या डाव्या पायाने लंगडणारा. अमृत खुशीत वही घेऊन गेला. समृद्धीच्या माणसांनी त्याबरहुकूम लांडगे काढले. वर्षभर दोन हजार खेळाडू ते लांडगे मारत होते आणि अमृतच्या स्मरणशक्तीची तारीफ करत होते. हिरा वाड्यावर बसून मोबाईलवर ते वाचायची आणि एकटीच हसायची. असं हसणं चांगलं नसतं, पण ते किती गोड लागतं हे ज्याने चाखलंय त्यालाच ठाऊक.

अखेर ओतूरच्या एका हॉलमध्ये जुन्या खेळाडूंचा मेळावा ठरला आणि त्यात अमृतचा सत्कार. समृद्धी स्वतः आली होती. मागच्या पडद्यावर उत्तरखोऱ्यांतला म्होरक्या लांडगा लंगडत चालला होता. अमृतच्या गळ्यात हार पडला, अंगावर शाल आली, नारळ हातात आला, आणि तेवढ्यात मधल्या वाटेने हिरा आली. तिच्या हातातल्या दोरीला एक मेंढी होती.

"ही टिकली," हिरा माईकशिवायच बोलली. "आमच्या बाची मेंढी."

टिकली लंगडत पुढे आली. पुढचा डावा पाय. कपाळावर काळा ठिपका. हॉलमधल्या माना एकदा मेंढीकडे, एकदा पडद्याकडे वळू लागल्या.

"आता कान बगा. उजव्याला दोन चिरा, डाव्याचं टोक अर्धगोल. परत्येक मेंढक्याची खूण येगळी असती. ही नवसूची. कंपनीनं काय डिंगोऱ्याला येऊन लांडगं काढलं व्हतं?"

पहिलं हसू मागच्या रांगेत फुटलं. मग हॉल हसण्यात बुडाला. अमृत काहीतरी बोलायला गेला, पण टिकलीने त्याच्या गळ्यातला हार ओढून खायला घेतला.

"अमृतभाऊ," हिरा म्हणाली, "तीस वरीस आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात. लेंडीखत घेता. एकदा तरी कान बगायचा, राव!"

अमृतने शाल खुर्चीवर टाकली आणि मागच्या दाराने निघून गेला. त्याचा तो चेहरा हिराने डोळे भरून पाहिला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

मग ती समृद्धीकडे वळली. पिशवीतून खरी सातवी वही काढली. पानं पिवळी पडलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या.

"ही घ्या. उत्तरखोरी यात हायेत. सगळी खरी. दुसऱ्या कुणाकडंच न्हाईत."

समृद्धी हसत नव्हती. "ती वही तुम्ही मुद्दाम खोटी लिहिलीत?"

"व्हय. त्याच्यासाठी."

"पण खेळलो आम्ही, ताई. वर्षभर. आम्हाला काही कळलं नाही." तिने पडद्यावरच्या लांडग्याकडे पाहिलं. "मग आधीच्या सहांत काय खोटं आहे?"

"काय बी न्हाई! ईश्शर साक्ष."

"ते आता मी कशावरून मानू? तुमचं नाव लावते सगळ्या वह्यांवर. तो तुमचा हक्कच आहे. पण त्यापुढे ‘विश्वासार्ह नाही’ असंही लिहावं लागेल."

हिराला वाटलं, सांगावं, की बाई, त्या बर्फात एकेका जनावरासाठी मी घड्याळ लावून बसले होते, दोनदा एसटी चुकवली होती. पण खोटी वही लिहिणारीनेही हेच सांगितलं असतं. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. समृद्धीने वहीकडे पाहिलं, पण ती घेतली नाही.