धुवायची राहिलेली फाइल

बँकेच्या विधी विभागात तिला सगळे कलमबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पैसे पाठवायचं एखादं नवं अॅप बँकेशी जोडायचं ठरलं, की त्या कंपनीबरोबरचा करार तिच्या टेबलावर यायचा. ग्राहकांची माहिती फुटली तर भरपाई कोणी द्यायची, यंत्रणा बंद पडली तर दोष कोणाचा, हे सगळं ती कलमाकलमांत असं बांधून ठेवायची की समोरचे वकील मेटाकुटीला येत. घरीही तेच. नवरा ‘लवकर येतो’ म्हणाला की लवकर म्हणजे किती वाजता, आणि नाही आलास तर काय, हे ती त्याने चप्पल घालायच्या आत विचारून घ्यायची.

विभागाचे साहेब निवृत्तीला आले होते. त्यांची काचेची खोली आता आपलीच, हे कलमबाईने धरूनच ठेवलं होतं. खिडकीला पडदा कसला लावायचा तेसुद्धा ठरलं होतं. आणि नेमकी तेव्हाच धाकटी परत आली.

धाकटी तिच्याच हाताखाली शिकलेली. मसुदा कसा वाचायचा, समोरच्याच्या गोड वाक्यात काटा कुठे असतो, सगळं कलमबाईने बोटाला धरून दाखवलेलं. मग ती एका पेमेंट कंपनीत गेली, तिथे मोठी झाली आणि आता केस आखूड कापून, कलमबाईच्या बरोबरीच्या हुद्द्यावर शेजारच्या टेबलावर येऊन बसली. ‘ताई’ म्हणायचं सोडलं नव्हतं. तेच जास्त झोंबायचं. सासरी नांदायला आलेल्या सवतीने पाया पडावं तसं.

साहेब आता अधूनमधून धाकटीला आत बोलवत. काचेतून हसणं दिसे, ऐकू येत नसे. कलमबाई त्या वेळी कपाटातली फाइल शोधायला उठे. घरी तिने याचा पाढा वाचला की नवरा स्वयंपाकघराकडे बघून शांतपणे विचारी, “गॅस बंद आहे ना? काहीतरी जळतंय.”

विभागाची एक रीत होती. मसुदा ज्याने केला त्याने तो बाहेर पाठवायचा नाही, दुसऱ्याने वाचून पाठवायचा. आणि पाठवण्याआधी फाइल ‘धुवायची’, म्हणजे आपापसात समासात लिहिलेल्या सगळ्या नोंदी पुसून टाकायच्या. हा दुसरा नियम कलमबाईनेच घातलेला. नव्या माणसाला ती पहिल्याच दिवशी सांगायची, “घरातलं भांडण पाहुण्यांना दाखवायचं नसतं.”

एका अॅप कंपनीबरोबरच्या कराराचा धाकटीने केलेला मसुदा तिच्याकडे वाचायला आला. कलमबाईने स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतला. चूक सापडेल म्हणून ती एकेक ओळ तांदळासारखी निवडत होती. खडा सापडेना. मग तिने स्वतःपुरती एक प्रत काढली आणि तिच्या समासात मन मोकळं केलं. ‘हे वाक्य माझंच, उसनं घेतलेलं.’ ‘भाषा फार नटवी.’ सातव्या कलमापाशी खरोखरच एक फट दिसली, तिथे तिने लिहिलं, ‘माहिती तिसऱ्याच कंपनीकडून फुटली तर? शिवाय समोरच्यांनी ताणलं तर भरपाईची अट आपण सैल करणार आहोत, हे हिच्या शब्दांतून दिसतंय.’ आणि शेवटी, ‘केस कापून अक्कल वाढत नाही.’ फार बरं वाटलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, समोरचे खोळंबलेत, पाठवा. तिने पाठवली. न धुतलेली प्रत.

मसुद्यावर नाव धाकटीचं, म्हणून समोरच्या वकिलांनी फोन तिलाच केला. नोंदी दिसल्या, वाचणं थांबवलंय, फाइल पुसतो, दुसरी पाठवा, असं ते सभ्यपणे म्हणाले. गेलेली प्रत धाकटीने उघडून वाचली. साहेबांच्या कानावर घालणं भागच होतं. धाकटी आत जाऊन आली आणि कलमबाईच्या टेबलाशी थांबली.

“नोंदी माझ्याच होत्या, मसुदा तुमच्याकडे देतानाच काढायच्या राहिल्या असं साहेबांना सांगितलंय,” ती हळूच म्हणाली. “सातव्या कलमाचं तुमचं बरोबर होतं, ताई. दुरुस्त केलं. केसांचं मात्र पटलं नाही.”

कलमबाई शरमली. पण लाज ओसरायच्या आत दुसरंच काहीतरी वर आलं. म्हणजे मोठेपणाही हिनेच घ्यायचा? उद्या खोलीत कोणी का बसेना, आयुष्यभर हिच्या उपकाराखाली वावरायचं? चूक कलमबाईची होती. स्वतःच्या हाताने केलेली, अस्सल. ती तरी दुसरीच्या नावावर का जावी?

ती उठली, पदर सारखा केला आणि काचेची खोली उघडून आत गेली. नोंदी माझ्या, पाठवली मी, तिचा संबंध नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, तुम्ही?” एवढंच म्हणाले.

रागावले असते तर परवडलं असतं.

खोली धाकटीला मिळाली. कलमबाईच्या खरेपणाचं मात्र साहेबांनी निरोपाच्या भाषणात चारचौघांत कौतुक केलं. नवरा म्हणाला, बघ, खरं बोलल्याचं चीज झालं. आपण खरं कशापायी बोललो हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

खिडकीला धाकटीने पडदा लावलाच नाही. पहिल्याच आठवड्यात तिने नवा मसुदा कलमबाईकडे पाठवला, ताई, तुम्हीच वाचा म्हणून. कलमबाईने स्क्रीन वळवून घेतला, चष्मा पुसला आणि निवडायला बसली. दुपार टळता टळता बाराव्या कलमात खडा सापडला. चांगला, दाताखाली यावा असा.

नोंद तिने अगदी सभ्य भाषेत लिहिली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.