पदराआडचं तोंड

पहिल्या बाळंतपणाला मी चौसाळ्याहून माहेरी, लिंबागणेशला आले होते. मुलगी बारा दिवसांची झाली त्या सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळ्यावर ओघळलं. आरशात बघितलं तर अर्धं तोंड माझं आणि अर्धं कुणा झोपलेल्या बाईचं. उजवा डोळा मिटेना. घाबरून आईला हाक मारली, तर हाकही तिरकीच निघाली.

बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची शीर सुजली आहे, दोन-तीन महिन्यांत उतरेल. डोळ्यात घालायला थेंब दिले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. पण आमच्या घरात डॉक्टरांपेक्षा मोठा अधिकार बाळाला न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीचा होता. गल्लीतली निम्मी लेकरं तिच्या पायांवर न्हाली होती.

"वारं गेलंय तोंडावरून," ती म्हणाली. "लेकराला तोंड दावू नको. लेकरू बघंल तसंच शिकतंय. पोरीची जात हाय, वाकडं तोंड घिऊन कुठं जाईल?"

आईनं माझ्या डोक्यावरचा पदर तिथंच हनुवटीपर्यंत ओढला. मी विज्ञान घेऊन बारावी झालेली. सासरच्या दुकानात नव्या नव्या शांपूच्या पुड्या यायच्या, त्यांवरची बारीक अक्षरं सगळ्यांना वाचून दाखवणारी शहाणी सून. पण पोरीचा विषय निघाला आणि माझी अक्कल चरायला गेली. पाजताना पदर, जोजवताना पदर. नवऱ्याचा एसटीडीवर फोन आला तेव्हा तेवढं बरं वाटलं, कारण फोनवर तोंड दिसत नाही.

दीड महिन्याची झाल्यावर पोर हसायला लागली, पण माझ्या आईकडं बघून. माझ्याजवळ आली की पदराचा काठ बघायची आणि मग खिडकी. एका दुपारी घरात कुणी नसताना मी पदर वर केला. ती माझ्या न मिटणाऱ्या डोळ्याकडं टक लावून बघत राहिली. मी हसले. मनातून पुरती हसले, पण तोंडावर त्यातलं निम्मंच उतरलं. तिच्या कपाळावर आठी आली, ओठ थरथरले आणि तिनं भोकाड पसरलं. ही मला आई म्हणून कधीच ओळखणार नाही, असं वाटलं आणि मी पदर पुन्हा ओढून घेतला.

शब्द कळायच्या कितीतरी आधी तान्ह्या बाळाची नजर डोळ्यांकडं जाते, डोळे आणि ओठ कसे हलतात त्यावरून त्याचा मेंदू समोरच्याचं मन ताडायला शिकतो, हे मी फार पुढं कुठंतरी वाचलं. तेव्हा माहीत असतं तर आणखीच घाबरले असते.

पुढच्या तपासणीला पोरीला घेऊन गेले. माझा तो पदर बघून डॉक्टर चिडलेच.

"बाळ तोंड बघून शिकतं हे खरं आहे. पण झाकलेल्या तोंडाकडं बघून ते काय शिकणार? पदर काढा. दिवसभर बोला तिच्याशी."

मी उजेडात बसून बोलत राहिले. म्हातारी तोंड फिरवायची. आठवड्यानं अंघोळीनंतर पोर माझ्या मांडीवर होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती हसली, फक्त डाव्या बाजूनं.

"मी सांगितलं न्हवतं का?" म्हातारी हळूच म्हणाली. आई पोरीच्या तोंडावर वाकली. पोरीचा उजवा गाल हलतो की नाही, हे मला त्या क्षणी बघायचं होतं, आणि एकच उपाय सुचला. मी तिच्या मांडीला करकचून चिमटा काढला.

तिचे दोन्ही डोळे घट्ट मिटले, दोन्ही गाल आक्रसले, तोंड सगळीकडून सारखं उघडलं. कुठंही काही वाकडं नव्हतं. ते रडणं मी डोळे भरून बघत होते.

"कावून चिमटा काढलास गं? येड लागलंय का तुला?" आईनं तिला हिसकावून छातीशी धरलं.

तिथं ती शांत होईना. डोळे उघडून तिनं इकडंतिकडं बघितलं, माझ्या वाकड्या तोंडापाशी येऊन तिची नजर थांबली आणि हुंदके देत ती माझ्याकडंच बघत राहिली. मीच तिला दुखवलं होतं, आणि समजूत काढायला तिला मीच हवी होते.