चहाच्या थर्मासातल्या जिवंत पेशी

चिनू आणि ओवी, यकृताच्या मूलपेशी उपचारांबद्दल तुम्ही काल पाठवलेला लेख मी शेवटपर्यंत वाचला. खाली तुम्ही विचारलंय, आजोबांना हे का दिलं नाही? फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

गेल्या वर्षी आजोबांच्या पोटात पाणी झालं, तेव्हा आम्ही बदनापूरहून जुन्या जालन्यातल्या एका क्लिनिकात गेलो. नाळेतल्या जिवंत पेशी टोचल्या की यकृत नवं होतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं. सहीचा इंग्रजी कागद मी तीनदा वाचला. औषध बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. आजोबा थकले होते. "तुला सगळ्या जगाच्या वह्या तपासायची खोड," ते म्हणाले. "टोचू दे एकदाचं." बुद्धाकडे काही मागायचं नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी त्या सकाळी वंदना झाल्यावर मी मागितलं होतं: माझा हा संशय जाऊ दे, त्याच्यापायी यांचा जीव जायला नको.

आजोबांनी बाही वर केली. तो माणूस साध्या थर्मासातून कुपी काढू लागला. बाकावर आजारी भावाला घेऊन एक अनोळखी, म्हशी पाळणारी बाई बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "का हो साहेब, आमची म्हैस भरवायला डॉक्टर येतो, तं बीज नायट्रोजनच्या टाकीत आणतो. बाहेर राह्यलं की मेलं म्हन्तो. मंग तुमच्या जित्या पेशी ह्या चहाच्या थर्मासात कशा जगून राह्यल्या?"

तो हसला. "मावशी, यात पेशी न्हाईत. पेशींचा अर्क आहे."

"मघाशी तर जिवंत पेशी म्हणालात," मी म्हणाले.

"बाई, इतका संशय बरा न्हाई. श्रद्धा लागते."

आजोबांनी बाही खाली ओढली.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की पेशींवर आणि पेशीविरहित अर्कावरही खरं संशोधन चालू आहे, पण ते अजून चाचणीतच आहे. तुमचा लेखही तेच म्हणतो. शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

त्या बाईचं नाव मी विचारलं नाही, याची रुखरुख आहे. संशय जावा म्हणून मी मागितलं, आणि आलं ते संशयाच्या बाजूनं बोलणारं माणूस. याला चमत्कार म्हणवत नाही, पण रोज वंदनेला बसताना ती आठवते. शरण जाणं म्हणजे डोळे मिटणं, असं मी इतकी वर्षं समजत होते.

त्याच डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं; आजोबा अळणी भाजी कुरकुरत खातात. यकृताचा खराब झालेला भाग तसाच आहे. उरलेला काम करतो आहे.