दिनकरच्या काळ्या चकत्या

"समस्त नागपूरकरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्लास्टिकमधून वीज जात नाही, हा कायदा आमच्या दिनकरने आजपासून रद्द केला आहे हो!"

गांधीबागेतल्या माझ्या कापडाच्या दुकानात दिनकर आला, की मी लोखंडी गज वाजवून ही दवंडी द्यायचो. गिऱ्हाइकं दचकायची. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा माझा हा मित्र लाजून म्हणायचा, "गप न गा! काजळी घोटली का जाते वीज. त्यात काय?" त्याला जाऊन महिना होत आला... दवंडी बंद आहे.

प्लास्टिकात काजळी घोटून तो बटणाएवढ्या चकत्या पाडायचा, कोबाल्टच्या किरणांत ठेवून आणायचा आणि वीज किती अडते ते मोजत बसायचा. किरणांनी प्लास्टिकचे धागे एकमेकांत गुंततात, मग तापवलं तरी काजळीची वाट मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. मी म्हणायचो, "म्हणजे लग्न झालेला माणूस! कितीही तापला तरी जागा सोडत नाही." यावर तो खोकला येईपर्यंत हसायचा. तो खोकला नुसत्या हसण्याचा नव्हता, हे फार उशिरा कळलं. घशाचा कॅन्सर. डॉक्टरांनी उपाय सांगितला तोही कोबाल्टचाच.

"ओळखीचीच पार्टी आहे," दिनकर म्हणाला. पहिल्याच दिवशी त्याने एक चकती बरोबर घेतली आणि तिथल्या माणसाला विनवून मानेशी ठेवली. मी विचारलं, "एवढ्याशा किरणांनी हिले काही होते का?"

"काहीच नाही. माणसाले झेपते तेवढं हिच्या गावीबी नसते."

"मंग काहून नेतं?"

"सोबत..." आवाज तेव्हाच अर्धा गेला होता. आवाज परत येईल, मी पुन्हा वर्गावर उभा राहीन, एवढीच त्याची आस होती. तो आला नाही.

तेरावं झाल्यावर त्याची बायको विमलवहिनी आणि मी त्याचं टेबल आवरायला प्रयोगशाळेत गेलो. त्याच्या सहकाऱ्याने दिनकरने मानेशी ठेवलेली ती चकती यंत्राला जोडली. काटा जुन्या आकड्यावरच; चकतीत काही बदललं नव्हतं. मग त्याने खणातून कागदाची पुडी काढली. आत तशीच दुसरी चकती.

"प्रत्येक घाण्यातली एक चकती सर किरणांना दाखवायचेच नाहीत. जशी होती तशी जपून ठेवायचे. नाहीतर बदललं काय, हे कळणार कसं?"

विमलवहिनी नागपूरजवळच्या खापा गावच्या. चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या. त्या पुडीकडे बघत राहिल्या आणि एकदम मोठ्याने बोलून गेल्या, "मंग आमच्या ह्यायचाबी एक तसाच ठेवून द्याचा होता न, भाऊजी!"