खार्तुम पाहणारा पंच

सुदानचा हुकूमशहा ११ एप्रिल २०१९ला पदावरून खाली खेचला गेला. चकलांब्याच्या पुढच्या माळावर दुष्काळामुळं उघडलेल्या एका चारा छावणीत ही बातमी त्याच दुपारी पोचली होती. छावणीत साडेसातशे जनावरं होती, त्यांच्यासोबत राहणारी दोनेकशे माणसं होती, आणि सुदान कुठं आहे हे माहीत असलेला एकच माणूस होता. शहादेव बनसोडे, वय एकसष्ट, साखर कारखान्यातले निवृत्त पॅनमन.

उसाचा पाक ज्या बंद भांड्यात आटवतात त्याला कारखान्यात पॅन म्हणतात. पॅनमन त्यातला थेंब काचेच्या पट्टीवर घेतो, बोटानं पसरतो आणि उजेडात धरून साखरेचा दाणा बघतो. पॅन कधी सोडायचा हे तो ठरवतो. शहादेव हे काम जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात वीस वर्षं करत होते. त्या कारखान्याच्या वार्षिक सभेत चेअरमन एकेक विषय वाचायचे, आणि वाक्य संपायच्या आत पुढच्या दोन रांगा 'मंजूर, मंजूर' ओरडायच्या. या दोन रांगांत सभासद नसलेले कामगार मुद्दाम बसवलेले असत. शहादेवही बसत. आपला आवाज चांगला मोठा होता, असं ते सांगतात.

पुढं ऊसच उरला नाही, कारखान्याची चिमणी थंड झाली. २००४ साली पुण्यातल्या एका एजंटामार्फत शहादेव सुदानला गेले. नाईलच्या काठावरच्या साखर कारखान्यात त्यांनी दहा हंगाम काढले. तिथं पॅनच्या मजल्यावर हुकूमशहाची तसबीर होती, आणि तिच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नसे. एकदा एका फिटरनं त्या तसबिरीवरून काही विनोद केला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. पाळी मात्र वेळेवर सुरू झाली. शहादेवही वेळेवर हजर होते. आपण परके, आपला काय संबंध, असं त्यांनी तेव्हा मनाशी ठरवलं होतं. तो फिटर पुढं कधीच दिसला नाही. शहादेवना तिथला एक मित्र मिळाला, सोबतचा पॅनमन इद्रीस. गावी परतल्यावरही दोघांचे निरोप चालू राहिले.

२०१९च्या वसंतात इद्रीसची मुलगी सल्मा खार्तुमला इंजिनिअरिंग शिकत होती. सैन्याच्या मुख्यालयासमोर ६ एप्रिलपासून लाखो लोक ठाण मांडून बसले, त्यांत ती होती. हुकूमशहा गेला तरी लोक उठले नाहीत, कारण आता जनरल खुर्चीत बसले होते. सल्मा रोज व्हिडिओ पाठवायची, इद्रीस तो पुढं शहादेवना पाठवायचा, आणि शहादेव तो छावणीतल्या नवव्या रांगेत बसून बघायचे.

नववी रांग ही छावणीतली शेवटची. शेणाचा ढीग तिच्या मागं होता आणि वाराही तिकडूनच यायचा. तिच्यात बौद्ध वस्तीची चौऱ्याऐंशी जनावरं बांधलेली होती. रांगा कुणी ठरवल्या असं विचारलं, तर छावणीत प्रत्येकजण सांगायचा, त्या आपोआप पडल्या. चाऱ्याची ट्रॉली रस्त्याच्या बाजूनं, पहिल्या रांगेपासून सुरू व्हायची. नवव्या रांगेपर्यंत येईतो तिच्यात उसाच्या शेंड्यांची वाळलेली वाढी आणि बुडाचा कचरा उरलेला असे. मोठ्या जनावराला दिवसाला अठरा किलो हिरवा चारा, असा नियम छावणीच्या फलकावर लाल रंगात लिहिलेला होता. काटा कार्यालयात होता. तो बाहेर आलेला कुणी पाहिला नव्हता.

शहादेवच्या भावजय चतुराबाई या रांगेत दोन बैल आणि एक गाय घेऊन होत्या. नवरा भारत तीन वर्षांपूर्वी वारला. चतुराबाईंनी बावीस हंगाम ऊसतोड केली आहे. उसाची मोळी डोक्यावर घेतली की त्यांना वजन कळतं, आणि अर्ध्या किलोचाही फरक पडत नाही. छावणीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका बैलाचा चारा डोक्यावर घेऊन पाहिला आणि दहाच्या आत आहे असं सांगून टाकलं.

शहादेव मात्र तेव्हा खार्तुममध्ये गुंतले होते. तिथल्या मांडवांत काय चाललंय हे ते रोज रांगेला सांगत. अटबरा नावाच्या रेल्वेच्या गावाहून आख्खी गाडी भरून माणसं आली, टपावर बसून आली. आत येणाऱ्याची झडती घेणारी पोरं आधी त्याची माफी मागतात. जागोजागी खोकी ठेवलीत, त्यांवर लिहिलंय की असेल तर ठेव, नसेल तर घे. चहावाल्या बायकांना इतकी वर्षं पोलीस हाकलत होते, त्याच आता सगळ्यांच्या मधोमध बसून चहा देतात. रांगेला हे आवडायचं. मुंजाजी नावाचे शेजारी त्यांना सुदानचे सरपंच म्हणायचे आणि आज तिकडं ट्रॉली कोणत्या रांगेपासून सुरू झाली, असं विचारायचे. शहादेवही हसायचे.

अडचण एकच होती. छावणीत वीज फक्त कार्यालयात होती. छावणीचा व्यवस्थापक शिवशरण हा तिशीतला माणूस. त्याच्या वडिलांचं सरकी-पेंडीचं दुकान आहे, आणि छावणी चालवणाऱ्या सहकारी संस्थेचे चेअरमन त्याचे दूरचे नातेवाईक लागतात. हे चेअरमन म्हणजे बंद पडलेल्या त्या कारखान्याचेच चेअरमन. शिवशरणनं शहादेवना टेबलामागचा प्लग दिला. रोज सकाळी दोन तास फोन लावा काका, घरचंच समजा, असं तो म्हणाला. मेच्या मध्यावर एका सकाळी फोन लावून होताच त्यानं एक कोरा कागद पुढं केला. तपासणीसाठी पंच लागतात, तुम्ही परदेशात राहिलेले, तुमची सही आधी असू द्या. शहादेवनी सही केली. खाली चौघांनी अंगठे दिले.

हे समजायला इथली रीत माहीत हवी. या भागात कोऱ्या कागदावरच्या सहीला कुणी सही मानत नाही. सोसायटीच्या फॉर्मवर, कारखान्याच्या करारावर, रेशनच्या रजिस्टरवर ती होत आलेली आहे. मजकूर नंतर कुणीतरी भरतो आणि तो त्याचा प्रश्न असतो. सही केल्यानं आपण काही बोललो असं माणसाला वाटतच नाही. म्हणूनच दहा दिवसांनी चतुराबाईंनी तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा अर्ज शहादेवनी स्वतःच्या हातानं लिहून दिला. नवव्या रांगेला अठराच्या जागी दहा किलो मिळतात, काटा रांगेत आणून मोजणी व्हावी. अक्षर सुरेख होतं, भाषेत खार्तुमचा आवेश होता. बावीस जणांनी वाचून घेऊन सह्या-अंगठे केले. अर्ज गेला, आणि शहादेव नेहमीप्रमाणे फोन लावायला कार्यालयात गेले. दोन कागदांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

३ जूनच्या पहाटे खार्तुममध्ये सैन्याच्या माणसांनी मांडव पेटवले आणि बसलेल्यांवर गोळ्या घातल्या. प्रेतं नाईलमध्ये टाकली. ईदला दोन दिवस राहिले होते. त्याच दिवशी देशाचं इंटरनेट बंद करण्यात आलं, म्हणजे कुणाचं कोण मेलं हे कुणाला सांगता येऊ नये. इद्रीसचा शेवटचा निरोप चार शब्दांचा होता. सल्मा फोन उचलत नाही. त्यानंतर काहीच नाही. (ती जिवंत आहे, हे पाच आठवड्यांनी कळलं. मांडीतून गोळी आरपार गेली होती.) तीन दिवस शहादेव जेवले नाहीत. रांगेत दिसेल त्याला धरून सांगत, निजलेल्या पोरांवर गोळ्या घातल्या. त्यांचा संताप खरा होता, याबद्दल रांगेत कुणालाच शंका नव्हती.

६ जूनला चतुराबाईंच्या अर्जावरून तपासणी पथक आलं. नवव्या रांगेत खुर्च्या मांडल्या गेल्या. पथकाच्या प्रमुखांनी अर्ज वाचला, शिवशरणनं शांतपणे एक पंचनामा त्यांच्यापुढं ठेवला. त्यात लिहिलं होतं की आमच्या समक्ष दररोज प्रत्येक मोठ्या जनावरास अठरा किलो चारा वजन करून देण्यात येतो, कोणाचीही तक्रार नाही. पहिली सही शहादेव बनसोडे यांची होती.

प्रमुखांनी नाव मोठ्यानं वाचलं. अर्जाचं अक्षर आणि पंचनाम्यावरची सही एकाच हाताची आहे, हे त्यांनी बोट ठेवून दाखवलं. मग कुठलं खरं धरायचं, असं विचारलं. चतुराबाई दिराकडं वळल्या.

"भावजी, सही तुमची हाय का?"

"हाय, वैनी."

"वाचून केली?"

"कागद कोरा व्हता."

"मग कावून केली?"

शहादेवनी जे होतं ते सांगितलं. "फोन चार्जिंगला लावायचा व्हता."

मागं कुणीतरी हसलं. चतुराबाई हसल्या नाहीत. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"तिकडं पोरी गोळ्या खायल्या. अन् त्या बघायला मिळाव्यात म्हणून तुमी आमचा चारा लिवून दिला."

शहादेव पथकाच्या टेबलापाशी गेले आणि माझा जबाब घ्या म्हणाले. सही माझी आहे, मजकूर खोटा आहे, मी एक दिवसही वजन पाहिलेलं नाही. प्रमुखांनी त्यांना समजावून सांगितलं की खोटा पंच झाल्याचं लिहून दिलं तर कारवाई तुमच्यावरच होईल. शहादेव म्हणाले, लिहा.

"काका, मग प्लग बंद व्हईल बरं का," शिवशरण म्हणाला. तो हसण्यावारी नेत होता.

"कर बंद," शहादेव म्हणाले. "तिकडं त्यांनी आख्खा देश बंद केलाय. तुझ्या प्लगचं काय घिऊन बसलास बे?"

काटा आणावा लागला. चतुराबाईंच्या बैलापुढचा चारा भरला नऊ किलो चारशे ग्रॅम. आणखी चार जनावरांचा मोजला. एकाचाही दहावर गेला नाही. पथकानं आकडे टिपून घेतले. एका दिवसाच्या वजनावरून रोजचं सांगता येत नाही, असं मत नोंदवलं आणि चहा घेऊन ते गेलं. काटा पुन्हा कार्यालयात गेला.

एवढ्यावर हे प्रकरण संपणार होतं, कारण अशी प्रकरणं एवढ्यावरच संपतात. चतुराबाईंना ते मान्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काटा मागितला, तर ट्रॉलीवाल्या पोरानं त्याचे सेल संपल्याचं सांगितलं. चतुराबाईंनी भारा डोक्यावर घेतला, साडेदहा म्हणाल्या आणि परत ट्रॉलीत टाकला. रांगेतल्या इतरांनीही टाकला. पाठोपाठ मोबाइल घेऊन जनावरं स्कॅन करणारा माणूस आला. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, तो रोज स्कॅन करून वर पाठवायचा असतो. ज्याचा बिल्ला त्या दिवशी स्कॅन झाला नाही, ते जनावर छावणीत नव्हतंच असं सरकार धरतं आणि त्याचं त्या दिवसाचं अनुदान संस्थेला देत नाही. चतुराबाईंनी बैलाच्या कानावर हात ठेवला.

"आदी मोजा. मग कान दाखविते."

पुढच्या जनावरापाशी छबुबाई होत्या, त्यांनीही कान झाकला. त्यापुढं मुंजाजी. शहादेव गाईपाशी उभे होते, त्यांनी फोन खिशात घालून दोन्ही हातांनी गाईचा कान धरला. तो माणूस रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि एकही बिल्ला न टिपता परत आला. चौऱ्याऐंशी जनावरं कागदावरून गायब होणार होती. शिवशरण दोनदा येऊन गेला. आधी त्यानं विनवलं, मग बिल्ले कायमचे काढून टाकीन अशी धमकी दिली. काढायला कानाला हात लावू दिला पाहिजे ना, असं मुंजाजींनी त्याच्या लक्षात आणून दिलं. जनावरं भुकेनं हंबरत होती आणि हे ऐकत उभं राहणं सगळ्यांत अवघड गेलं, असं छबुबाई सांगतात. दीड तास गेला. ऊन डोक्यावर आलं. चेअरमनना दोन फोन झाले. साडेअकराच्या सुमाराला दोन माणसं काटा उचलून नवव्या रांगेकडं निघाली.

पहिला भारा अठरा किलो भरेपर्यंत तीनदा ऊस वाढवावा लागला. चतुराबाईंनी काट्यावरचा आकडा स्वतः वाचला, शेजारच्या पोरीकडून पडताळून घेतला, आणि मग हात काढला. छावणी बंद होईपर्यंत काटा नवव्या रांगेतच राहिला. दोन-तीन दिवसांनी आठव्या रांगेचे लोक भारे घेऊन तिथं मोजायला येऊ लागले. ट्रॉली मात्र शेवटपर्यंत पहिल्या रांगेपासूनच सुरू होत राहिली.

संस्थेकडून खुलासा मागवण्यात आला. तो समाधानकारक आढळला. चेअरमनना कुणी काही विचारलं नाही, शिवशरणलाही नाही. नऊ किलो चारशे ग्रॅम हा आकडा कोणत्या फायलीत आहे, हे कुणाला सांगता येत नाही. नोटीस निघाली ती एकाच माणसाच्या नावानं, खोटा पंच झाल्याबद्दल. जुलैत ती घेऊन शिपाई वस्तीवर आला आणि पोच म्हणून सही करा म्हणाला. शहादेवनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि नोटीस पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आतून चतुराबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. एक वाक्य त्यांना कळलं नाही. ते त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.